साडूंच्या गोगलगायींची भाऊबंदकी

साडूंनी सांभाळायला दिलेल्या दोन डब्यांतल्या गोगलगायी मी एकमेकींत मिसळून टाकल्या.

साडू साताऱ्याचे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. इतका ताप देणारा माणूस सबंध जिल्ह्यात नसेल. लग्नाला बोलवावं, तर अक्षतांच्या वेळी मांडवामागचे दगड उलटे करत असतात. औंधला यमाईच्या दर्शनाला नेलं, तर आम्ही देवीपुढे आणि हे पायरीच्या फटीला डोळा लावून आडवे. म्हातारा चक्कर येऊन पडला, असं वाटून कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. "अजून मारा," साडू ओरडले, "बाहेर येतीय!"

त्यांचं म्हणणं, या सगळ्या गोगलगायी एकाच घराण्यातल्या. मधला कोरडा माळ ओलांडवेना, म्हणून डोंगराडोंगरावर वेगळ्या झाल्या. "तुमच्या भावकीसारखंच हो, फक्त या कोर्टात गेल्या नाहीत." औंधची आणि आमच्या सांगलीकडच्या टेकडीवरची, दोघींचा शंख हुबेहूब सारखा; पण जात वेगळी, हे त्यांना आतले अवयव तपासून सिद्ध करायचं होतं. कुठली कुठनं आणली ते कळावं, म्हणून दोन डबे. आमच्याकडे मुक्कामाला आले होते, तिथून कोरेगावला कुणाच्या तरी बाराव्याला जाताना ते माझ्याकडे ठेवून गेले. भर उन्हाळा, शंखाच्या तोंडाला पापुद्रा लावून सगळ्या झोपलेल्या. "पाणी दाखवू नका," असं दहादा बजावलं.

पण आलेल्याला पाणी न विचारणं आमच्या घरात बसत नाही. मी पाणी शिंपडलं, कोथिंबीर ठेवली आणि वारं लागावं म्हणून दोन्ही झाकणं काढून जरा लवंडलो. उठलो तेव्हा सातारा आणि सांगली एकाच भिंतीवर होते. मग मीच वर्गीकरण केलं: चपळ त्या साताऱ्याच्या, सुस्त त्या आमच्या.

साडू आले, माझं वर्गीकरण ऐकलं, डबे पाहिले आणि खाली बसले.

"पावसाळ्यात परत आणू की," मी म्हणालो. "सांगलीकडच्या तर इथं जवळच."

"कुठनं आणता? ती टेकडी मुरमासाठी पार खणून नेली. या शेवटच्याच होत्या." भिंतीवर राहिलेली एक त्यांनी अलगद बोटावर घेतली. "कोणाची गं तू?" असं विचारलं, तेही इतक्या हळू, की माझ्याच्यानं तिकडे बघवेना.

आम्हा दोघांच्या सासूबाई माझ्याकडेच असतात. इतका वेळ त्या दारात उभ्या होत्या.

"आवं जावयबापू," त्या मला म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जावयाला लोक येडं म्हणत्यात. पर खरं येडं धाकट्या लेकीच्या पदरात पडलंय."