बंद ठेवलेले सिम

युवराजला मी प्रथम पाहिले, तेव्हा त्याच्या डाव्या हातात डायलिसिसच्या दोन सुया होत्या आणि उजव्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी मोबाइल होता. निपाणीच्या डायलिसिस केंद्रात माझी खाट खिडकीजवळ आणि त्याची माझ्या शेजारी. वय चौतीस. जुन्या पी. बी. (पुणे-बेंगळुरू) रोडला मोबाइल दुरुस्तीचे एक लहानसे दुकान. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करत. दहावीनंतर तो कोल्हापूरला एका दुकानात सहा वर्षे काम शिकला आणि परत आला. बारीक भाग भिंगातून बघून डोके दुखते, असे त्याला दोन वर्षे वाटत होते. दुखत होते ते रक्तदाबाने. तपासणी झाली तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे गेलेली होती.

सोमवार आणि गुरुवार, सकाळी सात ते अकरा, आम्ही चौघे एका खोलीत असायचो. मी, युवराज, सरकारी बसचे निवृत्त ड्रायव्हर भरमू आणि आण्णाप्पा. आण्णाप्पा तेवीस वर्षे बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत साचे घालायला होते. मूत्रपिंडे गेल्यावर नोकरी सोडून ते कोगनोळीच्या पुढे आपल्या गावी आले. त्यांच्या शेताचा बांध ओलांडला की महाराष्ट्र.

चार तास हलता येत नाही, पाणी मोजून प्यायचे, म्हणून आमच्या बोलण्याचा विषय बहुतेक मोबाइल. कुणाचा तापतो, कुणाचा मधेच बंद पडतो, कुणाचा आवाज फाटतो. युवराज एका हाताने सगळ्यांचे फोन बघायचा. तंत्रज्ञ उपासना त्याला रागवायची, "दादा, तो हात हलवू नका, मशीन ओरडायला लागलं बघा." तो म्हणायचा, "सिस्टर, मशीनला म्हणावं, जरा दम काढ. ह्यांचा डिस्प्ले गेलाय."

आण्णाप्पा आणि युवराज दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह. दोघांचीही नावे बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात प्रत्यारोपणाच्या यादीत होती. आण्णाप्पांचे नाव नोव्हेंबर २०२२ मध्ये लागले, युवराजचे त्यानंतर चार महिन्यांनी. कोण कुणाच्या मागे आहे ते आम्हाला कुणी सांगितले नव्हते, पण महिने सगळ्यांनाच मोजता येत होते. दवाखान्याने दोघांना एकच गोष्ट बजावली होती. फोन सदैव चालू ठेवा. मूत्रपिंड मिळाले की आम्ही फोन करू. लागला नाही तर पुढच्या नावाला करू.

त्यामुळे आण्णाप्पांना बॅटरीचा घोर लागला होता. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोरीने गळ्यात अडकवलेला असायचा, आणि दर दहा मिनिटांनी ते टक्के बघायचे.

१० फेब्रुवारीला, सोमवारी, ते खाटेवर टेकताच म्हणाले, "युवराज, ह्या फोनचं काय करू सांग. सकाळी शंभर असतंय. दुपारी डेअरीत जाऊस्तवर वीस. आमच्यात दिवसा लाईट न्हाय. झोपतानासुद्धा हातात धरून झोपतोय मी."

"माझ्यासारखा घे की," भरमू म्हणाले. "सहा हजारची बॅटरी. दोन दिवस बघायला नको."

"मामा, तुमची बॅटरी टिकती, कारण तुम्हाला फोन करतंय कोण?"

"सून करती की. पोचलासा काय म्हणून."

"तिला सांगा, मामा पोचलं, पण बॅटरी फुगली."

आण्णाप्पा हसले नाहीत. युवराजने त्यांचा फोन घेतला. "अपडेट कधी मारलासा?"

"मी कुठं मारलो? त्यानंच मारून घेतलं."

"अपडेटनं थोडं खाल्लंय. पण खरं खाणारं येगळंच हाय." त्याने फोनचा पडदा आण्णाप्पांकडे वळवला. "दोन्ही सिमं दिवसभर टॉवर शोधत्यात. एकदा कर्नाटकाचा धरत्यात, एकदा महाराष्ट्राचा. तुमचं घर बरोबर मधे."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पूर्वी राज्याची हद्द ओलांडली की रोमिंगचे पैसे पडत. आमची अर्धी माणसे कागल-कोल्हापूरला आणि अर्धी इकडे. म्हणून प्रत्येकाने दोन सिम घेतली, एक कर्नाटकाचे, एक महाराष्ट्राचे. रोमिंग गेले, तरी सिम कुणी टाकून दिले नाही.

"एक बंद ठेवा," युवराज म्हणाला. "दवाखान्याला कुठला नंबर दिलाय?"

"कर्नाटकातला. सरकारी कागदाला मी कर्नाटकातलाच देतोय. महाराष्ट्राचा पावण्यारावळ्यांना."

मी हे ऐकत होते. त्यांचा दवाखान्याचा फॉर्म इंग्रजीत होता म्हणून तो मीच भरून दिला होता. तरी मला काही खटकले नाही.

युवराजने महाराष्ट्राचे सिम बंद केले. कर्नाटकाच्या सिमला चार महिने रिचार्ज नव्हता, तोही त्याने आपल्या फोनवरून तिथेच मारला. "नेट बी बंद ठेवा. लागंल तवाच चालू करा."

गुरुवारी आण्णाप्पा आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर झोप झाल्याचे दिसत होते. "काल सांजच्याला बघितलो तर अठ्ठ्याहत्तर," त्यांनी मला सांगितले. मग भरमूंना सांगितले. मग उपासनाला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. बेळगावच्या दवाखान्यातून एक बाई बोलत होत्या, आधी कन्नडमध्ये, मग माझा आवाज ऐकून मराठीत. "आण्णाप्पांचा फोन अर्धा तास बंद लागतोय. दुसरा नंबर म्हणून फॉर्मवर तुमचा आहे. मूत्रपिंड आलं आहे. बारापर्यंत त्यांचा होकार यायला हवा. तीनपर्यंत त्यांना इथं यावं लागेल."

"बारानंतर?"

"पुढच्या नावाला विचारावं लागेल, बाई. आमचा इलाज नाही."

अक्काताईंकडे, म्हणजे आण्णाप्पांच्या पत्नीकडे, फोन नाही, म्हणून मी त्या रकान्यात माझा नंबर लिहिला होता. मी आण्णाप्पांना लावला. बंद. व्हॉट्सॲपवर लिहिले. एकच टिक. तेव्हा मला आठवड्यापूर्वीच्या सोमवारचे बोलणे आठवले. फॉर्म भरला त्या दिवसाची माझी वही काढली. आण्णाप्पांनी तोंडपाठ सांगितलेला नंबर मी त्यात उतरवून ठेवला होता. तो महाराष्ट्राचाच होता. सरकारी कागदाला कर्नाटकाचा द्यायचा हा त्यांचा नेम खरा, पण पाठ एकच नंबर होता, आणि विचारल्यावर तोच तोंडातून गेला होता.

कर्नाटकाचा नंबर माझ्याकडे नव्हता. भरमूंना लावला. "माझ्याकडं बी तोच बंदवाला हाय. थांबा, मी गाडी काढतोय. गाव ठावं हाय, घर ठावं न्हाय. इचारत जातो." त्यांना पोचायलाच अर्धा तास लागला असता, आणि आण्णाप्पा त्या वेळी शेतात की डेअरीत, कोण जाणे. उपासनाने केंद्राची फाइल काढली. फाइलवरही तोच नंबर. तो अर्जही माझ्याच हातचा.

अकरा सव्वीसला मी युवराजला फोन केला आणि सगळे सांगितले. दुकानात कुणीतरी चार्जर मागत होते, ते मला ऐकू येत होते.

मग त्याने विचारले, "बारापर्यंत?"

"हो."

"त्यानंतर पुढचं नाव."

"हो, युवराज."

"दोन मिनिटं द्या, बाई," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दोनची पाच मिनिटे झाली. मी परत लावला. तो दुसऱ्या फोनवर होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. स्वयंपाकघरात कुकर होता, तो मी बंद केला. त्या वेळात माझ्या मनात जे आले ते मी इथे लपवत नाही. ते सिम बंद करणारा युवराज. आण्णाप्पांनंतर ज्याचा नंबर, तो युवराज. चौतीस वर्षांच्या माणसाने नुसता फोन खाली ठेवला असता, तर त्याला कुणी काही म्हणू शकले नसते. बारापर्यंतची वेळ आपोआप गेली असती. मी घड्याळाकडे बघत असा विचार केला, आणि आठवले की मागच्याच आठवड्यात त्याने माझ्या फोनची अक्षरे मोठी करून दिली होती.

अकरा सदतीसला त्याचा फोन आला. "सापडला. बोललो मी. डेअरीत बसलाय. बेळगावचा नंबर दिलाय त्याला."

"कुठे सापडला नंबर?"

"त्या सोमवारी रिचार्ज मीच मारलो होतो न्हवं? त्या ॲपात असणार म्हणून उघडलो. तर अपडेट आलेलं, मला बाहेर काढलेलं. परत आत जायला ओटीपी. तो येईना. तीनदा मागितलो, तवा आला." तो थांबला. "आण्णाप्पा काय म्हणाला म्हाईत हाय? मी म्हटलं, तुमचा फोन बंद हाय. तर म्हणतोय, बंद कुठं, चौऱ्याण्णव टक्के हाय की."

अकरा चव्वेचाळीसला बेळगावहून बाईंनी मला कळवले की होकार मिळाला. डेअरीच्या चेअरमनांनी आपली गाडी दिली. अक्काताई तशाच, कामाच्या साडीवर गाडीत बसल्या. भरमू गावात पोचले तेव्हा गाडी हमरस्त्याला लागली होती. ते वेशीवर चहा पिऊन परत आले. आण्णाप्पा दोनला दवाखान्यात होते. रक्त जुळले. बुधवारी शस्त्रक्रिया झाली.

गुरुवारी आमच्या खोलीत एक खाट रिकामी होती. उपासनाने आम्हा तिघांची मशीने लावली. मग भरमू छताकडे बघत म्हणाले, "सिम बंद करणारा बी तूच आणि नंबर शोधणारा बी तूच. मंगळवारी क्षणभर मला वाटलं, ह्यो मुद्दाम तर..."

"मामा," उपासना म्हणाली. ती युवराजच्या मशीनवरचे आकडे उतरवून घेत होती. तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "काही माहीत नसताना बोलू नका. त्या दिवशी बेळगावहून माझ्याकडे दोन फाइली मागितल्या. आण्णाप्पांची आणि ह्यांची. अकरा बत्तीसला ह्यांनासुद्धा फोन गेला होता. तयार राहा म्हणून."

भरमूंनी मान वळवली. "व्हय रं?"

युवराज आपल्या फोनवर काहीतरी बघत होता. "ओटीपीची वाट बघत होतो, त्याच्यात आला. मला वाटलं ओटीपीचाच फोन."

"आणि काय म्हटलास?"

"म्हटलं, पहिला माणूस सापडलाय, निघालाय, मला कशाला इचारता."

"पण तवा सापडला कुठं होता?"

"न्हवता."

भरमूंनी आपला फोन युवराजकडे सरकवला. "ह्याचा आवाज बारीक येतोय. बघ जरा."

युवराजने तो घेतला. "स्पीकरात तंबाखू गेलाय, मामा. खिशातनं डबी काढा."

त्या मंगळवारी माझ्या मनात आलेला विचार मी युवराजला एप्रिलमध्ये सांगितला. तो म्हणाला, "बाई, माझ्या बी मनात आलता. ओटीपी येत न्हवता तवा." आणि मग मला फोनमधली जागा भरली आहे, जुने व्हिडिओ काढून टाका, असे सांगत बसला.

त्याच एप्रिलमध्ये, एका गुरुवारी, आण्णाप्पा तोंडाला मास्क लावून दारात उभे राहिले. उपासनाने त्यांना आत येऊ दिले नाही. ते दारातूनच बोलले. गळ्यातली पिशवी तीच होती.

"युवराज, अठरा टक्के. सकाळचं दहा वाजल्यात अजून."

"दोन्ही सिमं चालू ठेवलासा काय?"

"ठेवलोय. आता उतरू दे बॅटरी. मी कामाला आलोय." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि उपासनाच्या हाती दिला. तो बेळगावच्या दवाखान्याचा कोरा फॉर्म होता. "दुसऱ्या नंबरच्या रकान्यात तुझ्या दुकानाचा नंबर हाय म्हणं. दुकान तू इथं असताना बंद असतंय. तिथं माझा घाल. मला आता कुठं जायचं न्हाय, दिवसभर घरातच हाय."

"कुठला घालायचा, कर्नाटकातला का महाराष्ट्राचा?" भरमूंनी विचारले.

"दोन्ही," आण्णाप्पा म्हणाले. "दोन्ही पाठ केलोय."

फॉर्म मी भरला. युवराजचा नंबर, मग आण्णाप्पांचे दोन्ही. त्या दोन्हींचा प्रत्येक अंक मी मोठ्याने वाचला आणि युवराजने आपल्या फोनवर तो एकेक करून लावला. पहिल्यांदा दारात आण्णाप्पांच्या गळ्यातली पिशवी वाजली. त्याने तो कापला आणि दुसरा लावला. पिशवी पुन्हा वाजली. या वेळी आण्णाप्पांनी फोन बाहेर काढला, कानाला लावला आणि दारातून आत बघत म्हणाले, "बोल."

"काय न्हाय," युवराज म्हणाला. "लागतोय का बघितलो."