आतून कडी

घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या सिस्टरांच्या वाट्याला यंदा एक म्हातारे शिंपीकाका आले होते. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. जिभेची धार मात्र शाबूत होती. सात महिने सिस्टरांनी त्यांना धरून उठवलं, चालवलं आणि वर रोज बोलणी खाल्ली. सूनबाई समजूत घालायची, "सिस्टर, मनावर घेऊ नका. ते आम्हालाही सोडत नाहीत."

एका सकाळी सिस्टर नाश्त्याची बशी धुऊन खोलीत आल्या, तर पलंग रिकामा. पलंगापलीकडे पाहिलं, बाल्कनीत पाहिलं. काका कुठंच नाहीत. मग संडासाचं दार लागलेलं दिसलं. ढकललं, तर आतून कडी.

"काका, पडलात का? दार उघडा."

"पडायला काय झालंय? चालत आलोय. आता तरी जरा सुखानं बसू दे, बाई."

सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. आवाज ऐकून सूनबाई धावत आली, तिला त्यांनी ओठांवर बोट ठेवून थांबवलं. दोघी भिंतीला टेकून काकांची वाट बघत उभ्या राहिल्या, आणि सिस्टरांना हसू काही आवरेना.