दोन पोती बियाणं आणि पाहुणे

अत्यंत गंभीर बाब आहे. ज्यांना छातीचा त्रास आहे त्यांनी बसून वाचावं. मागच्या उन्हाळ्यात, पेरणीला तीन आठवडे उरले असताना, मंगरूळपीर तालुक्यातल्या एका तीन खोल्यांच्या घरावर शत्रूने हल्ला केला. घराच्या संरक्षणाला एक निवृत्त हवालदार होता. तो मी. शत्रू उंदीर होता.

पंधरा ऑगस्टला मला शाळेत बोलावतात आणि सीमेवरचं काही सांगा म्हणतात. सीमेवर आम्ही शंभरावर जण होतो. डोक्यावर सुभेदार साहेब होते, मागे तोफखाना होता, आणि दर दोन तासांनी पहारा बदलत होता. इथे मी एकटा होतो आणि बदली नव्हती. थकलो तो इथे. म्हणून मी हेच सांगतो.

आधी पोस्टिंगचं. माझी बायको वंदना. मी एकोणीस वर्षं फौजेत होतो, तेवढी वर्षं शेत तिने केलं. मी परत आलो तेव्हा या घरात कमांडिंग ऑफिसरची जागा भरलेली होती. मला हवालदारच ठेवलं, आणि प्रमोशनचं लक्षण अजून नाही.

आदल्या हंगामात बाजारातून आणलेलं सोयाबीनचं बियाणं उगवलंच नव्हतं. दुबार पेरणी झाली. ती उशिराची, त्यामुळे पीक निम्म्यावर आलं. तेव्हा वंदनाने ठरवलं की यापुढे बियाणं घरचंच. विहिरीजवळच्या तुकड्यातलं चांगलं सोयाबीन तिने वेगळं कापलं. ते मळणीयंत्रात घातलं नाही, काठीने हलक्या हाताने बडवलं. सोयाबीनची साल पातळ असते. पोतं नुसतं आपटलं तरी आतला कोंब मरतो. तिने दाणा दाणा निवडला आणि दोन पोती भरली. ती मागच्या खोलीत लाकडी फळीवर ठेवली. त्या वर्षीची पेरणी त्या दोन पोत्यांवर होती.

मे महिन्यात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन वाशीमला ठरलं. वंदना दहा दिवस तिकडे राहणार होती. सकाळी सात चाळीसच्या एसटीत चढण्यापूर्वी तिने ऑर्डर दिल्या.

"पोत्याले हात लावाचा नाही. सुधाकर पत्र्याची कोठी आणून देईन, पण मी आल्यावरच भरू. तुमी आपटसान."

"येस सर."

"अन् त्यायचं नाव घ्याचं नाही. त्यायले ऐकू येते. पाहुणे म्हनाचं."

"आणि विषाला?"

"हळू बोला. औषध म्हनाचं."

आमच्याकडे हे सगळेच मानतात. उंदरासमोर उंदराचं आणि विषाचं नाव काढलं तर तो त्या खाण्याला तोंड लावत नाही. फौजेत यालाच कोडवर्ड म्हणतात, त्यामुळे मला ते पटलं.

रूटीन असं होतं. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे उठून सज्ज. बॅटरी घेऊन चारही भिंतींची गस्त. सहा वाजता बिळं बुजवणं, काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. भिंतीला लागून कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, जळणासाठी ठेवलेला. तो मी दोन दिवसांत वीस पावलं लांब नेला. गुडघे बोलायला लागले. संध्याकाळी सहाला पिंजरा लावायचा, सकाळी उघडायचा. तीन दिवसांत तीन कैदी मिळाले. वंदनाची सक्त ताकीद होती की पिंजऱ्यातला मारायचा नाही, गणपतीचं वाहन आहे. म्हणून मी त्यांना नाल्यापलीकडे सोडून येत होतो. चौथ्या दिवशी एका पोत्याचा खालचा कोपरा कुरतडलेला दिसला. फळीवर मूठभर दाणे, अर्धवट खाल्लेले. मी दाभण घेतला आणि पोतं न हलवता, पोटावर झोपून, तो कोपरा शिवला. उठायला मला पोतं शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पाचव्या दिवशी दुपारी सुधाकर आला. सुधाकर म्हणजे वंदनाचा धाकटा भाऊ, कारंजाकडचा. देह चांगला भरलेला, मन त्याहून हळवं. ओळखीच्याच्या टेम्पोत कोठी घालून आणली होती. आम्ही दोघांनी ती दारात उतरवली. मी फौजेच्या लंगरमध्ये शिकलेली कांदाभजी तळायला घेतली. सुधाकर बाजेवर बसून खाऊ लागला. पाच वाजून दहा मिनिटांनी वंदनाचा फोन आला. माझे हात बेसनात होते. कोपराने स्पीकर सुरू केला.

"पाहुणे हायेत का गेले?"

"आहेत. एक तर चांगलाच लठ्ठ आहे. ओव्हर."

"ओव्हर-गिव्हर राहू द्या. खाऊन राह्यले का?"

"दिवसरात्र. मी आत्ता भजी तळतोय."

"लय माजले. आज भज्यात औषध घाला त्यायच्या. पता नाही लागला पायजे. अन् मेल्यावर उकंड्यावर फेका, घरात वास नको."

बाजेवरचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. सुधाकरच्या हातात अर्धं भजं होतं. त्याने ते ताटलीत ठेवलं, ताटली खाली ठेवली आणि उभा राहिला.

"बाई," तो फोनमधल्या थोरल्या बहिणीला म्हणाला, "मी सुधाकर बोलून राह्यलो."

त्याने फोनला दिसावं तसं दाराकडे बोट केलं.

"मी कोठी घेऊन आलो तुह्यासाठी. अन् तू मले उकंड्यावर फेकून राह्यली."

"अरे तुले नाही रे. ते दुसरे पाहुणे."

"दुसरं कोन हाये इथं? मीच हावो."

"ते रे. ते शेपटीवाले."

"कोन शेपटीवाले? नाव घे."

"नाव घेता येत नाही रे. आयकून राह्यले असतीन."

मी सांगायला तोंड उघडलं, तर फोनमधून हुकूम आला, "तुमी बी नाव घेऊ नका." मी तोंड मिटलं. सुधाकर दारात गेला आणि कोठीला दोन्ही हातांनी मिठी मारून ती टेम्पोकडे ढकलू लागला. कोठी गेली असती तर पोती फळीवर आणि कोपऱ्यात शत्रू, पेरणीपर्यंत. मी ऑर्डर मोडली नाही. सुधाकरचा हात धरून त्याला मागच्या खोलीत नेलं. शिवलेला कोपरा दाखवला, फळीवरच्या काळ्या लेंड्या दाखवल्या, आणि बोटाने हवेत एक शेपटी काढली.

सुधाकरने शिवणीवरून बोट फिरवलं. "यायले पाहुणे म्हनता?"

मी मान हलवली.

"तरी बी भजे पयले तुमी खा."

मी सात खाल्ली. त्याने घड्याळ लावून दहा मिनिटं माझ्याकडे पाहिलं, मग उरलेली ताटली संपवली. कोठी राहिली.

सहाव्या दिवशी मी औषध कणकेच्या गोळ्यांत घातलं, चार ठिकाणी ठेवलं. पुढच्या तीन दिवसांत तीन पडले. प्रत्येकाला उकिरड्यावर नेताना मला काहीही वाटलं नाही, असं मी तेव्हा फोनवर सांगितलं. त्याच दिवसांत, वंदनाच्या सांगण्यावरून, उगवण तपासायला हात घालून वरून शंभर दाणे मोजून घेतले. ओल्या गोणपाटावर रांगेने मांडले, गुंडाळले, सावलीत ठेवले. रोज दोन वेळा पाणी शिंपडलं. ते उघडण्याचा अधिकार मला नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी साडेदहाला सुधाकर तिला वाशीमहून मोटरसायकलवर घेऊन आला. तिने पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. गोणपाट उलगडून कोंब मोजायला बसली. मी सावधान उभा होतो. खरं सांगायचं तर टेकायला भिंत होती म्हणून उभा होतो. ब्याऐंशी दाण्यांना कोंब आले होते.

"पेरनी होते," ती म्हणाली. मला तेवढंच मेडल मिळालं.

मग आम्ही तिघांनी पहिलं पोतं अलगद उचलून कोठीत रिकामं केलं. दुसरं उचललं तेव्हा फळीमागे, भिंतीच्या फटीत, एक घरटं दिसलं. पोत्याची सुतळी आणि माझ्या जुन्या फौजी मोज्याची हिरवी लोकर, बारीक कातरून, गोल बसवलेली. घरटं रिकामं होतं. त्याच्या तोंडाशी चौथी पडलेली होती. एका कुशीवर, मान आत घरट्याकडे. पोट टम्म होतं.

फौजेत पडलेल्यासमोर टोपी काढतात. माझ्या डोक्याला उन्हासाठी बांधलेला दुपट्टा होता. तो कधी काढला ते मला आठवत नाही.

सुधाकरने काटकीने तिला हळूच उलटी केली. "गाभन होती," तो म्हणाला.

वंदनाची ओंजळ बियाण्याने भरलेली होती. दहा दिवस नाव न घेता जिने यांच्या मरणाचे हुकूम दिले, ती तिथेच खाली बसली.

"गाभन काय म्हनतं रे, सुधाकर. पोटुशी म्हन."