व्याह्यांच्या मेपलला भुरी लागते

मी आयुष्यात एकाच रुग्णावर उपचार केले आहेत आणि तो रुग्ण म्हणजे एक झाड होतं.

झाड आमचं नव्हतं, हे आधीच सांगतो. ते प्रधानांचं. प्रधान म्हणजे आमच्या केतकीचे होणारे सासरे. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाले आणि ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जपानी मेपलचं बोन्साय जोपासत बसले. उंची वीतभर, पानं तान्ह्या बाळाच्या पंजाएवढी आणि वय वर्षं अठरा. (म्हणजे मतदानाला पात्र!) गेल्या मे महिन्यात ते सपत्नीक हिमाचलला निघाले आणि जाताना झाड डोंबिवलीला आमच्याकडे घेऊन आले.

"याला उकाडा सोसत नाही. एसीत ठेवायचं, सकाळी खिडकीतलं थोडं ऊन. दुसऱ्या कुणावर विश्वास नाही हो माझा," प्रधान म्हणाले. मी छाती फुगवून हो म्हटलं.

ते लिफ्टमध्ये शिरताच बायकोने मला धरलं. "हो कशाला म्हणालात? साखरपुडा झालाय, लग्न अजून व्हायचंय! झाडाला काही झालं तर म्हणतील, यांना वीतभर झाड सांभाळता आलं नाही, यांची मुलगी संसार काय सांभाळणार!"

आमच्याकडे एसी एकच, बेडरूममध्ये. तिथल्या ड्रेसिंग टेबलावरची हिची टिकल्यांची पाकिटं आणि माझा कंगवा, पावडर वगैरे कोपऱ्यात सरकवून आम्ही आरशासमोर झाडाची स्थापना केली.

चौथ्या दिवशी पानांवर काहीतरी पांढरं दिसलं. मी चष्मा पुसला, मग पानं पुसली. पाचव्या दिवशी पुन्हा पांढरं! निफाडला माझा मावसभाऊ विलास द्राक्षं पिकवतो. त्याला व्हिडिओ कॉल लावून पानं दाखवली.

"भुरी हाय ही, दादा! बुरशी असती. आमच्या बागंत आली का जेवण जात नाय आम्हाला. लागलेली पानं कात्रीनं काढ, कात्री स्पिरिटनं पूस. आन् कुणाला जवळ फिरकू देऊ नको. हातावरनं, कपड्यावरनं पसरती ती."

हातावरनं! म्हणजे भुरी आपणहून आली नव्हती. तिला कुणीतरी आत आणलं होतं, आणि ते कुणीतरी याच मजल्यावर वावरत होतं.

पहिला संशय शेजारच्या म्हात्रेकाकूंवर. त्यांच्या जास्वंदीवर कायम पांढरी कीड असते आणि दुसऱ्याच दिवशी येऊन त्यांनी मेपलचं पान चिमटीत धरून पाहिलं होतं. ("एवढंसंच? खायला घालत नाय काय याला कोण?") त्या पुन्हा आल्या तेव्हा मी दारातच त्यांच्या हातांवर सॅनिटायझर मारला.

"मला काय झालाय?" काकू.

"तुम्हाला नाही, तुमच्या जास्वंदीला!"

काकू आल्या पावली परत गेल्या. त्यांच्या हातातली कैरीच्या लोणच्याची वाटीही परत गेली.

दुसरा संशय थेट बायकोवर. "भाकऱ्या थापून त्याच हातांनी तू आत गेली होतीस?"

"माझ्याच खोलीत जायला आता तुमची परवानगी काढू?"

"काढावी लागेल!" असं म्हणून मी बेडरूमच्या दारावर पाटीच चिकटवली : 'आत रुग्ण आहे. प्रवेश : फक्त बाबा.'

"बाबा, झाड सांभाळताय की घरावर धाड टाकलीय?" केतकी म्हणाली. तिच्यावरही माझी नजर होतीच. फोनवर बोलताना ही पोरगी कुठेही हात लावत फिरते.

मायलेकी हॉलमध्ये घामाघूम आणि मी रुग्णासोबत एसीत, अशी व्यवस्था झाली. खोलीची किल्ली मी बनियनला सेफ्टीपिनने टोचून ठेवली. रोज सकाळी आंघोळ करून, स्वच्छ होऊन, मगच तपासणीला बसायचो. (डॉक्टरच पारोसा असून कसं चालेल?) आणि रोज भुरी आदल्या दिवसापेक्षा जास्त! रोज चार-पाच पानं कात्रीखाली जात होती. दहाव्या दिवशी झाडावर सात पानं उरली. एव्हाना मला एसीचा संशय येत होता, एसी साफ करून गेलेल्या माणसाचा येत होता आणि शेवटी तर खुद्द प्रधानांचाच यायला लागला.

"रोगट झाड त्यांनी मुद्दाम आपल्या गळ्यात मारलंय! आपल्या हातून मेलं की मानपानात आपण दबून राहू!" मी म्हणालो. बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रधान! दोन दिवस आधीच परतले होते.

ते ड्रेसिंग टेबलासमोर नुसते उभे राहिले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. केतकी नखं खायला लागली. मी मात्र अहवाल दिला, "भुरी होती. आटोक्यात आणलीय. कुणी पसरवली त्याचा शोध चालू आहे."

प्रधानांनी खिशातून भिंग काढलं, पान पाहिलं, बोटाने चोळलं आणि हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग ते वळले, माझ्याजवळ आले आणि चक्क माझी मान हुंगली!

"चंदन," ते म्हणाले. "आंघोळीनंतर पावडर कुठे उभं राहून लावता?"

कुठे म्हणजे? तीस वर्षं जिथे लावतोय तिथेच! आरशासमोर, पंखा पाचवर करून, दोन मुठी मानेवर, दोन काखेत. उरलेली वारा नेईल तिकडे जाते. नाकाला इतकी सवय झालीय की मला तो वास येतच नाही.

सगळ्यांत आधी म्हात्रेकाकू बोलल्या. बेल ऐकून त्या मागोमाग आल्या होत्या. "आनि माझ्या जास्वंदीला नावं ठेवत होता!"

प्रधान आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. "घाबरू नका. निरोगी मेपलची पानं काढली की नवी येतात, आणखी नाजूक. मी दर दोन वर्षांनी काढतोच. यंदा माझा धीर झाला नव्हता, ते काम तुम्ही केलंत! कात्री आणा, उरलेली सातही काढू."

केतकीचं लग्न थाटात झालं. या मे महिन्यात प्रधान पुन्हा फिरायला निघाले आणि झाड पुन्हा आमच्याकडे आलं, चांगलं भरगच्च होऊन. सध्या झाड आणि बायको बेडरूममध्ये एसी खात आहेत. दारावर माझीच जुनी पाटी आहे. माहेरी आलेल्या केतकीने त्यातला 'फक्त' खोडून शेवटी एक शब्द वाढवलाय. आता ती अशी वाचायची : 'प्रवेश : बाबा सोडून.'

मी हॉलमध्ये पंख्याखाली बसून हे लिहितोय. पावडर लावून.