धाकट्या डहाणूला माइक खाली उतरला

माइक जानकीबाईंच्या हातात होता आणि आमदारांचे सेक्रेटरी माझ्या कानाशी वाकून म्हणत होते, "बंद कर ते. ताबडतोब."

मी अॅम्प्लिफायरसमोर बसलो होतो. डहाणूत माझं लाउडस्पीकरचं छोटं दुकान होतं. लग्न, पूजा, नाटक, सभा, येईल ते काम घ्यायचो. आमचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आणि इकडे बोर्डीपासून तिकडे तलासरीपर्यंत कुठेही भोंगा लागला तर बहुतेक माझाच. ही सभा होती धाकट्या डहाणूला, मच्छीमारांच्या गावात. खाडीपलीकडे वीज नव्हती. मी मोटारीची बॅटरी, अॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे होडीतून नेले होते. अॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी. त्या काळी तिच्यात काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापल्याशिवाय पेटी बोलत नसे.

माइक स्टेजवरून खाली आला तो आमदारांच्याच हुकमाने. भाषण रंगलं होतं. भरात येऊन ते म्हणाले, "माझ्या आयाबहिणींना काही विचारायचं असेल तर विचारा. स्वराज्य आहे. माइक द्या रे त्यांना!"

वायर लांब होती. मी माइक काढला आणि पुढे बसलेल्या बायकांसमोर धरला. सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. कुणी पदर तोंडाला लावला. जानकीबाई मात्र उठल्या.

त्या डहाणूच्या बाजारात सुके बोंबील घेऊन बसायच्या. आमच्या घरचे बोंबील त्यांच्याकडचेच. मागच्या हंगामात त्यांच्या मुलाची होडी अंधारात खाडीत शिरताना खडकावर आपटली होती. मुलगा गेला. बरोबरचा भाचाही गेला. खाडीच्या तोंडाशी एक दिवा लावा, म्हणजे वाट दिसेल, असं गाव त्याच्या कितीतरी आधीपासून मागत होतं. उत्तर एकच मिळायचं. सरकारकडे पैसा नाही.

जानकीबाई भोंग्यातून स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या. मग सावरून बोलल्या.

"साहेब, मास्तरांनी आमाला पेपर वाचून दाखवला. मुंबईला तुमचे भत्ते वाढले म्हणे."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"वाढले तर वाढू दे. तुमालापण पोरंबाळं हायत. पण ज्या मिटिंगीत तुमचं काम झालं, त्याच मिटिंगीत आमच्या दिव्याचं का नाय झालं? तवा होता ना पैसा?"

इथेच सेक्रेटरी माझ्याकडे धावत आले होते.

मी म्हटलं, "साहेब, आता बंद केलं तर मशीन परत तापायला वेळ लागतो. आमदारसाहेबांचं उत्तर कुणाला ऐकू जायचं नाही."

आवाज कमी करायचा तर एक बटण फिरवलं की भागत होतं. सेक्रेटरींना ते माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. ते दात आवळून तिथेच उभे राहिले.

"आनखी एक विचारते," जानकीबाई म्हणाल्या. "आमी दर्यावर नाय गेलो तर त्या दिवशी चूल नाय पेटत. तुमी कामावर नाय गेलात, तर तुमचं काय कमी होतं?"

भोंग्यातून नुसता वारा ऐकू येत होता. मी इतक्या सभा केल्या, पण असा प्रश्न माझ्या भोंग्यातून कधी गेला नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

आमदार स्टेजवरून उतरले. त्यांनी जानकीबाईंच्या हातातून माइक अलगद घेतला आणि सगळ्यांसमोर वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"मावशी, तुझा मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. आवाज दाटून आला होता. भोंग्यातून तो फार छान वाटला. "मी त्याला विसरलेलो नाही. दिवाळीच्या आत खाडीवर दिवा लागला नाही, तर हे तोंड तुम्हाला दाखवणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांच्या घरची माणसं बुडाली होती तेही टाळ्या वाजवत होते. काही बायका रडत होत्या.

जानकीबाई उभ्याच होत्या. "टाळ्या कसल्या वाजवता?" त्या वळून लोकांना म्हणाल्या. "मी इचारलं त्याचं कुठं बोलले ते?" पण माइक आता आमदारांच्या हातात होता. मी दोन हात अंतरावर बसलो होतो म्हणून मला ऐकू आलं. शेजारणीने त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

परतताना मी आमदारांच्याच होडीत होतो. आमदार खुशीत होते. "बाई हुशार आहे," म्हणाले, "अशीच माणसं पाहिजेत." मग ते खाडीकडे बघत बसले. सेक्रेटरी माझ्याकडे सरकले.

"तलासरीच्या सभेला वायर आखूड आण."

"साहेबांनीच माइक खाली द्यायला सांगितलं होतं."

"साहेब सांगतीलच. तुझी वायर पुरणार नाही."

तलासरीला मी नेहमीचीच वायर नेली. सेक्रेटरींनी माइक सुतळीने स्टँडला करकचून बांधून टाकला. पाड्यांवरची माणसं सकाळपासून चालत येऊन उन्हात बसली होती. भाषण संपल्यावर एक म्हातारबाबा उठून विहिरीबद्दल बोलू लागले. ते बराच वेळ बोलले. आमदारांनी हसत कानाला हात लावला. "ऐकू येत नाही बाबा. नंतर भेटा." ते भोंग्यातून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. नंतर म्हणजे जीपचा धुरळा.

दिवाळी आली आणि गेली. खाडीवर दिवा लागला नाही. आमदारांचं तोंड मात्र दिसत राहिलं. निवडणूक जवळ आल्यावर एकदाचा लोखंडी खांब आला. उद्घाटनाला लाउडस्पीकर माझाच. दिवा लागला, पेढे वाटले, आमदार पुन्हा निवडून आले.

मग दिव्याचं तेल संपलं. गावातली माणसं तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथे सांगितलं, आम्हाला सँक्शन आहे खांबाचं, तेल बंदरवाल्यांनी घालायचं. बंदरवाले म्हणाले, तो खांब आमचा नाहीच, आम्ही तेल कसं घालणार? आमदार मुंबईला अधिवेशनात होते. नंतर दौऱ्यावर होते. काही दिवस गावाने वर्गणी काढून तेल घातलं. मग तेही थांबलं. पुढच्या हंगामात आणखी एक होडी त्याच खडकावर फुटली. माणसं कशीबशी पोहून आली, एवढंच.

त्यानंतर धाकट्या डहाणूला पुन्हा सभा ठरली. मी बाजारात जानकीबाईंना गाठलं. म्हटलं, "मावशी, या हं. ह्या खेपेला माइक मी स्वतः तुमच्यापर्यंत आणतो. सुतळी कापून आणतो."

त्या बोंबील निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मागच्या खेपेला सगळ्यांना ऐकू गेलं ना?"

"गेलं की. पार बंदरापर्यंत गेलं."

"मग आता परत काय बोलू?"

त्या सभेला आल्या नाहीत. पुढची जागा रिकामी होती, तिथे पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या. सभा वेळेवर सुरू झाली, वेळेवर संपली. सेक्रेटरींनी माझी पाठ थोपटली.

पुढे अनेक वर्षं मी हा धंदा केला. लोक अजूनही मला म्हणतात, आमचं म्हणणं वरपर्यंत पोचतच नाही हो, साहेबांना कळलं तर ते नक्की करतील. साहेबांना चांगलं ऐकू गेलं होतं. मशीन माझं होतं.