टॅग न काढता केलेला डोंगर

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. शाळा चौथीत सुटली आणि अक्षर तेव्हाही वाकडंच होतं. ही वही कोणी वाचेल असं नाही. नातीला एक दिवस वाचावीशी वाटली, तर तिला मराठी येत नसेल. म्हणजे चुका कळायच्या नाहीत.

मी मुलाकडे अमेरिकेत, नेपरव्हिलला होते, नात अजून झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. त्या हिवाळ्यात कंपन्या माणसं काढत होत्या. मुलगा रोज घरी येऊन आधी फोन बघायचा, मग जेवायचा. त्याचा पुण्याचा एक मित्र होता. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस यार, आपण स्नो हाइक करू. मी सगळं वाचलंय." मुलाचं ते गाव पाटासारखं सपाट. डोंगर गाठायला दिवसभर गाडी हाकावी लागली. मला एकटीला घरी ठेवता येईना, म्हणून मीही निघाले. शिवाय पोळ्या कोणी केल्या असत्या?

जाकिटं, बूट, हातमोजे, सगळं मुलाने आपल्या कार्डावर घेतलं. मित्राने युक्ती सांगितली होती. "अमेरिकेत वापरून परत करता येतं. फक्त टॅग काढायचा नाही आणि बॉक्स फोडायचा नाही." सुनेने सगळ्यांचे टॅग बाहीच्या आत सेफ्टी पिनांनी टाचले. माझा टॅग काखेत टोचत होता. बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली बांधायचे लोखंडी दातही घेतले होते. ते प्रत्येकाच्या पाठपिशवीत, खोक्यात बंद. मी सुनेला हळूच विचारलं, "मग घेतले कशाला?" ती म्हणाली, "आई, लिस्टमध्ये होते."

खाली झाडांत बर्फ भुसभुशीत होता, पिठात चालल्यासारखं वाटायचं. मुलं एकमेकांचे फोटो काढत होती. वर डोंगराच्या धारेवर आलो तेव्हा वाऱ्याने तो भुसा उडवून नेला होता. खाली राहिला होता काचेसारखा कडक बर्फ. एका बाजूला बर्फाची पडवी पुढे आली होती. दिसायला जमीन, पण तिच्याखाली काहीच नव्हतं. समोरून एक गोरा म्हातारा आपला कुत्रा घेऊन उतरत होता. त्याच्या बुटांखाली दात होते आणि ते करकर वाजत होते. त्याने आमच्या पायांकडे बोट दाखवलं, मान हलवली. आम्ही सगळ्यांनी हसून हात हलवले. "थँक्यू, थँक्यू!" मित्र म्हणाला, "इथले लोक किती फ्रेंडली असतात!"

थोडं पुढे गेलो आणि मुलाचा पाय सुटला. तो बसल्या बसल्या घसरत त्या पडवीकडे गेला. एका खुरट्या झाडाला त्याचा हात अडकला, तेवढ्यावर थांबला. त्याच्या पायांपुढे जमीन दिसत नव्हती. सून ओरडली. पुढे जाऊ तर आपणही घसरू, म्हणून कोणी हलेना.

"दात काढू या का?" सून रडत म्हणाली.

मित्र म्हणाला, "बॉक्स फोडला की रिटर्न होणार नाही."

खालून मुलगा म्हणाला, "थांबा, मी ट्राय करतो. महाग आहेत ते."

दिवसभर त्या मित्रासमोर माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. बोटं बधिर झाली होती, म्हणून मी खोकं दातांनीच फोडलं.

"काकू, टॅग! खोक्यावरचा टॅग फाटला!" मित्र ओरडला.

"तो माझ्या कपाळाला चिकटव," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण मलाच ओळखू येईना.

ते लोखंड मी बर्फावरून मुलाकडे सरकवलं. त्याने एका हाताने झाड धरून, दुसऱ्या हाताने कसंबसं बांधलं. मग उठला, आणि करकर करत वर आला. सुनेने आधी त्याला मिठी मारली, मग चापट. त्यानंतर सगळ्यांनी खोकी फोडली. मित्राने मात्र नखाने पट्टी अलगद सोडवली आणि प्लॅस्टिक घडी करून खिशात ठेवलं.

परतताना गाडीत मुलगा मनातल्या मनात आकडे मांडत होता.

दुकानात जायच्या आधी मित्राने खोकी चिकटवली आणि मुलाकडून बोलायचं पाठ करून घेतलं: साइज चुकली. मीही सोबत गेले. जाकिटांना माझ्या लसणाच्या चटणीचा वास येत होता. लोखंडाच्या दातांवर ओरखडे होते, आणि माझ्या खोक्यावर माझ्या दातांचे. मुलाने घसा साफ केला. काउंटरवरच्या पोरीने च्युइंगगम चघळत एकच विचारलं, "रिसीट?" टॅग तिने पाहिलेच नाहीत. कोणाच्या काखेत ते टोचले, हे तिला काय ठाऊक!

पैसे परत केल्याची नवी रिसीट हातात घेऊन मुलगा हसला. त्या झाडापासून वर आला तेव्हाही तो असा हसला नव्हता. गाडीत बसल्यावर त्याने रिसीट पुन्हा वाचली आणि मला दाखवली. आकडे मलाही वाचता येतात. सगळे पैसे परत आले होते.