दोन भाषांचं गॉलवे आणि माझी तिसरी

गॉलवेला जायचं ठरवलं ते समुद्रासाठी नाही आणि माशांसाठीही नाही. रेवासाठी, इथल्या माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीसाठी. आधीच सांगून टाकतो, म्हणजे माहिती शोधत आलेल्यांनी नंतर मला शिव्या घालायला नकोत. माहितीही आहे, मध्येमध्ये पेरलीय.

रेवाचं घराणं साताऱ्याचं, जन्म मात्र डब्लिनच्या ब्युमॉन्टमधला. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं, तेही अस्सल डब्लिनी. मी चौदाव्या वर्षी पुण्याहून डब्लिनजवळच्या ल्यूकनला आलो. मराठी पक्कं होतं, आणि उशिरा आलो म्हणून शाळेत आयरिश भाषा माफ झाली. रेवा ती पहिल्या वर्गापासून शिकली आणि आता गॉलवेत डिग्रीही त्याच विषयात करतेय.

मी कॉलेज मध्येच सोडलं. २०२० मध्ये खोलीत लॅपटॉपसमोर बसून डोकं फिरलं, एका सरांशी वाजलं, कॅमेरा बंद केला तो कायमचाच. तेव्हापासून ब्लँचर्डस्टाउनच्या एका गोदामात खोकी उचलतोय. यंदा मार्चमध्ये रेवानं फोनवर एवढंच विचारलं, "सो, व्हॉट नाऊ?" मला झोंबलं. मी म्हणालो, "स्वतःची भाषा धड बोलता येत नाही, आणि निघालीय दुसऱ्यांची मेलेली भाषा जगवायला."

तिनं फोन ठेवला. त्यानंतर तीन महिने काही नाही.

मे महिन्यात कोविडमुळे असलेली काउंटीबाहेर, म्हणजे जिल्ह्याबाहेर, जायची बंदी उठली. जूनमध्ये कळलं की रेवा दर शनिवारी लोकांना गॉलवे पायी फिरवून दाखवते, दोन भाषांत. मी नाव नोंदवलं, स्वतःचंच. तिला ते खोडता आलं असतं. तिनं खोडलं नाही, तेवढ्या आशेवर निघालो. माफी मागायची होती, आणि ती तोंडावर.

डब्लिनहून बसनं अडीच तास लागतात. तिकीट आधी काढा, कारण सध्या अर्ध्याच सीट भरतात. येऊन-जाऊन वीसेक युरो. हॉटेलात आत बसून खायला मिळत नाही, म्हणून डबा न्या. आईनं धपाटे दिले, माझ्या भुकेपेक्षा चार जास्त. कुणासाठी ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर गावाचं नाव दोनदा असतं. वर तिरप्या अक्षरांत आयरिश, खाली इंग्रजी. इतकी वर्षं इथे राहतोय, वरची ओळ कधी वाचलीच नव्हती. त्या दिवशी अर्ध्या वाटेवरचं अथलोन येईपर्यंत सगळ्या वाचल्या. उच्चार देव जाणे.

गॉलवेत बस स्टेशनपासून सगळं चालत जायच्या अंतरावर आहे. शॉप स्ट्रीटवर एका कॉफीवाल्याच्या खिडकीशी माझ्यापुढचे आजोबा आयरिशमध्ये हवापाणी बोलत होते. माझी पाळी आली तशी विकणारी मुलगी सहज इंग्रजीवर आली. मेलेली भाषा म्हणे. कान गरम झाले.

सगळ्यांनी स्पॅनिश आर्चशी जमायचं होतं. जुन्या तटबंदीचा हा तुकडा नदीकाठी उभा आहे, आणि शेजारून कॉरिब नदी उशीर झाल्यासारखी समुद्राकडे पळते. आम्ही दहाजण होतो. पिवळ्या रेनकोटमध्ये रेवा आली, मला पाहिलं, भुवई थोडी वर गेली, बास.

तिचा एक रिवाज आहे. निघण्याआधी प्रत्येकानं नाव-गाव आयरिशमध्ये सांगायचं, येत नसेल तर आपल्या भाषेत. कॉर्कहून आलेले एक साठीचे गृहस्थ एकच वाक्य बोलले आणि मी सोडून सगळे खो-खो हसले. शाळेत संडासला जायची परवानगी मागायचं वाक्य होतं ते.

"चौदा वर्षं शिकून एवढंच उरलं," ते म्हणाले.

"आणि तिथेही याला जाऊ देत नसत," त्यांची बायको म्हणाली.

मग ते जरा गंभीर झाले. म्हणाले, येतं थोडं, पण चुकलो तर कुणीतरी हसेल, म्हणून बोलतच नाही. रेवानं त्यांना इथली म्हण सांगितली: हुशार इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी. सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. इथे आल्यापासून गणपतीच्या आरतीला जमलेल्या काका-काकूंत तिच्या मराठीवर हसणाऱ्यांमध्ये मी पुढे असायचो.

माझी पाळी आली. मी मराठीत बोललो.

"मी ओंकार. ल्यूकनला राहतो, मूळचा पुण्याचा. मार्चमध्ये मी एका मुलीला फार वाईट बोललो. लाज मला माझी वाटत होती, राग तिच्यावर काढला. माफी मागायला आलोय."

रेवानं ते आधी आयरिशमध्ये सांगितलं, मग इंग्रजीत. एकही शब्द गाळला नाही, 'लाज'सुद्धा. तिचा आवाज कुठे अडखळला नाही. शेवटी इंग्रजीत म्हणाली, "त्या मुलीचं म्हणणं आहे, बघू. आधी शहर."

कॉर्कच्या काकू माझ्याकडे पाहू लागल्या, मग तिच्याकडे, आणि पुढचे दोन तास त्यांचं शहराकडे लक्ष नव्हतं.

माझं होतं. चौदा व्यापारी घराण्यांचं हे गाव. तटाच्या आत इंग्रजी चालायची, नदीपलीकडे क्लाडाच्या कोळीवस्तीत आयरिश. रेवा एका भाषेतून दुसरीत अशी जायची, जणू एकाच घरातल्या दोन खोल्या. आयरिश माणसं तिच्याकडून आपलीच भाषा ऐकत होती, माना डोलवत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, ही साताऱ्याची आहे. छाती एवढी फुगली की रेनकोटची चेन लागेना.

सफर संपल्यावर ती म्हणाली, चल. सॉल्टहिलच्या समुद्रकाठानं पाऊण तास चाललो. वाट संपते तिथे एक भिंत आहे, तिला लाथ मारूनच परत फिरायचं असा इथला नेम. मी मारली जरा जोरात, अंगठा दोन दिवस सुजला होता. तुम्ही हलकेच मारा.

तिथेच बसून धपाटे खाल्ले. तिनं बोटं पुसली आणि समुद्राकडे बघत मराठीत विचारलं, "आता पुढे काय?"

तोच प्रश्न. या वेळी झोंबला नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. "सोमवारी कॉलेजला फोन करतो."

ती मराठीत बराच वेळ बोलली, चुकत, थांबत, शब्द शोधत. मी एकदाही टोकलं नाही. माझ्या आजवरच्या आयुष्यात एवढा वेळ तोंड बंद ठेवल्याची दुसरी नोंद नाही.

आता ल्यूकनमध्ये बसून विचार करतो, काय राहिलं? अंगठा बरा झाला. कॉलेजनं सप्टेंबरमध्ये भेटायला बोलावलंय. पाट्यांवरची वरची ओळ मी आता आधी वाचतो.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आईनं रिकामा डबा हातात घेतला आणि विचारलं, धपाटे पुरले का रे?

"पुरले," मी म्हणालो. "दोघांना पुरले."